निदानाचे आकडे आणि दृष्टीचा हिशेब

आरोग्यविम्याच्या दाव्याचा जो अर्ज रुग्णालयाने भरून द्यावयाचा असतो, त्यात रोगाच्या नावाजवळ एक लहानसा रकाना असतो. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतील संकेतांक तेथे लिहावा अशी अपेक्षा असते. रुग्णाचे नातेवाईक त्या रकान्याकडे सहसा पाहत नाहीत, डॉक्टरांना त्यासाठी सवड नसते आणि अखेरीस नोंदणी-कक्षातील एखादा कारकून केसपेपरवरील दोनचार अस्पष्ट अक्षरांवरून जो आकडा जवळचा वाटेल तो लिहून मोकळा होतो. वस्तुतः उपचाराचा खर्च मान्य होणार की दावा परत येणार, तो रोगी कोणत्या गणनेत धरला जाणार आणि उद्याच्या आरोग्यखर्चात त्याच्या व्याधीसाठी तरतूद होणार की नाही, या तिन्ही प्रश्नांचा संबंध त्या रकान्याशी असतो. डोळ्यांच्या ऱ्हासजन्य विकारांच्या बाबतीत हा संबंध विशेष निकटचा आहे. म्हणूनच वरवर नीरस वाटणाऱ्या या विषयाचा विचार वैद्यकाच्या वर्तुळाबाहेरही व्हावयास हवा.

नावाचे महत्त्व

रोगांची नावे निश्चित करून त्यांची मोजदाद करण्याचा उद्योग आजचा नाही. लंडनमधील साप्ताहिक मृत्युपत्रके तपासून जॉन ग्राँट याने १६६२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या याद्यांत ‘म्हातारपण’ आणि ‘अकस्मात’ अशीही मृत्यूची कारणे होती. ज्याला जे सुचले ते त्याने लिहावे अशी ती अवस्था होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातील विल्यम फार याने, पदार्थविज्ञानात जे स्थान वजनामापांचे तेच लोकसंख्याशास्त्रात रोगनामांचे, असा आग्रह धरला. पुढे १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या संख्याशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात पॅरिसच्या जाक बर्तियाँ याने मांडलेले वर्गीकरण स्वीकारले गेले. १९४८ साली ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि त्याच वेळी मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही त्यात समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली. अकरावी २०१९ मध्ये मान्य होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. वर्गीकरण हे आधी समाजाच्या हिशेबाचे साधन होते. पैसे देण्याघेण्याचे साधन ते नंतर झाले. आज मात्र दुसऱ्या उपयोगाने पहिल्या उपयोगाला झाकून टाकले आहे. संकेतांक चुकला तर बिल अडकते एवढेच सर्वांना ठाऊक असते. संकेतांक चुकला तर देशाचा हिशेबही चुकतो हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

एक नाव, दोन रोग

दृष्टिपटलाच्या मध्यभागी मॅक्युला, म्हणजे पीतबिंदू, नावाचा एक लहानसा भाग असतो. अक्षरे वाचणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी बारीक कामे त्याच्या बळावर होतात. वय वाढते तसा काहींच्या बाबतीत या भागाचा ऱ्हास होऊ लागतो. कडेचे दिसत राहते आणि नेमके मध्यभागचे पुसट होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या दृष्टीविषयक अहवालात या विकाराने ग्रस्त असलेल्यांची जगातील संख्या साडेएकोणीस कोटींच्या वर दिली आहे.

या विकाराचे दोन प्रकार आहेत. पहिला कोरडा. यात पीतबिंदूखाली पिवळसर साठे जमतात, पेशी हळूहळू झिजतात आणि ही झीज पुष्कळदा वर्षानुवर्षे चालते. बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात. दुसरा ओला. यात दृष्टिपटलाखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून द्रव आणि रक्त पाझरते आणि काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच, नजर खालावते. रुग्णसंख्येत याचा वाटा दहापंधरा टक्क्यांचाच मानला जातो. परंतु नवी औषधे येण्यापूर्वी या विकारामुळे आलेल्या तीव्र अंधत्वाला बहुतांशी हाच प्रकार कारण होत असे.

दोन्ही प्रकारांचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत. ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतात, तीही एकदाच नव्हे तर महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने, प्रसंगी कित्येक वर्षे. कोरड्या प्रकारात या इंजेक्शनांचा उपयोग नाही. तेथे विकाराचा टप्पा पाहावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने केलेल्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष २००१ मध्ये जाहीर झाला. विशिष्ट प्रमाणातील जीवनसत्त्वे व जस्त यांच्या सेवनाने मधल्या टप्प्यातील रुग्णांचा विकार प्रगत अवस्थेला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले. आरंभीच्या टप्प्यात मात्र असा लाभ दिसला नाही. कोरड्या प्रकारातील प्रगत झिजेसाठीही २०२३ साली अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली. ती गेलेली नजर परत आणत नाहीत, झिजेचा वेग तेवढा कमी करतात. तात्पर्य, प्रकार कोणता आणि टप्पा कोणता, यावरच उपचार, खर्च आणि रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते.

सात स्थानांचा संकेतांक

आता या दोन्ही प्रकारांची नोंद कशी होते ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत ‘पीतबिंदू व मागील ध्रुव यांचा ऱ्हास’ यासाठी एच ३५.३ हा एकच संकेतांक आहे. कोरडा आणि ओला हे दोन्ही प्रकार त्याच्या पोटात येतात. एवढेच नव्हे, तर पीतबिंदूला पडलेले छिद्र, त्यावर आलेली सुरकुती आणि औषधांच्या विषारी परिणामाने झालेला बिघाड हेही तेथेच जमा होतात. ज्याला एकही इंजेक्शन लागत नाही आणि ज्याला वर्षाला सहा-आठ लागतात, असे दोन रुग्ण या वहीत एकाच ओळीवर बसतात.

अमेरिकेने हेच वर्गीकरण आपल्या गरजेप्रमाणे विस्तारून १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केले आणि पुढच्याच वर्षी या विकाराचे संकेतांक आणखी तपशीलवार केले. तेथे एच ३५.३१ हा कोरडा आणि एच ३५.३२ हा ओला. त्यापुढील स्थान डोळ्याची बाजू सांगते : १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही. शेवटचे स्थान टप्पा सांगते. कोरड्यात १ आरंभीचा, २ मधला, ३ म्हणजे केंद्रबिंदू शाबूत असलेली प्रगत झीज आणि ४ म्हणजे केंद्रबिंदूपर्यंत पोहोचलेली झीज. ओल्यात १ म्हणजे नव्या रक्तवाहिन्या सक्रिय, २ म्हणजे निष्क्रिय आणि ३ म्हणजे मागे उरलेला वण. ज्याच्या उजव्या डोळ्यात सक्रिय ओला विकार आहे आणि डाव्यात मधल्या टप्प्याचा कोरडा, त्याच्यासाठी एच ३५.३२११ आणि एच ३५.३१२२ असे दोन संकेतांक लिहावे लागतात. दोन्ही डोळ्यांत एकच प्रकार व एकच टप्पा असेल तरच ‘दोन्ही’ दर्शविणारा अंक वापरता येतो. शेवटच्या स्थानी शून्य लिहिण्याची, म्हणजे टप्पा अनिर्दिष्ट ठेवण्याची, सोयही आहे. परंतु ती माहिती नसताना वापरावयाची आहे, आळसाने नव्हे.

संकेतांक निवडताना आणखी एक विवेक लागतो. पीतबिंदू बिघडला म्हणजे तो वयामुळेच बिघडला असे नव्हे. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला इजा झाली असेल तर मूळ रोग मधुमेह. त्याचा संकेतांक ‘ई’ या वर्गातला. फार मोठ्या उणे नंबरामुळे डोळ्याचा गोल ताणला जाऊन ऱ्हास झाला असेल तर तो एच ४४.२. तरुण वयात, आनुवंशिक कारणाने दृष्टिपटल दुबळे होत असेल तर तो एच ३५.५. दृष्टिपटलाच्या कडेचा ऱ्हास एच ३५.४ मध्ये जातो. बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या बाबतीतही ऱ्हासासाठी एच १८.४, आनुवंशिक विकृतीसाठी एच १८.५ आणि पडदा शंकूसारखा पुढे येण्यासाठी एच १८.६ असे तीन वेगळे संकेतांक आहेत. वय, रोग, आघात यांमुळे आलेली झीज निराळी आणि जन्मजात गुणसूत्रांतून आलेली विकृती निराळी. पहिलीत रुग्णापुरता प्रश्न असतो. दुसरीत त्याच्या भावंडांची व मुलांची तपासणीही करावी लागते. चुकीच्या संकेतांकाने ही सूचनाच पुसली जाते.

या साऱ्या पद्धतीचा पाया एका साध्या नियमावर उभा आहे : डॉक्टरांनी जे लिहिले असेल तेवढ्याचाच संकेतांक द्यावयाचा. संकेतकाराने तर्क करावयाचा नाही. इंजेक्शन दिलेले दिसते, तेव्हा विकार ओलाच असणार, असे अनुमान त्याने काढणे चूक होय. शंका आली तर डॉक्टरांना विचारावे आणि उत्तर केसपेपरवर लेखी घ्यावे. म्हणजे अचूक संकेतांकाची जबाबदारी आकडा लिहिणाऱ्यावर नव्हे, तर निदान लिहिणाऱ्यावर सुरू होते.

आपल्याकडील विसंगती

येथे एका विलक्षण विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांत हजारो पदवीधर तरुण-तरुणी अमेरिकेतील रुग्णालयांसाठी संकेतांक निवडण्याचे काम करतात. जीवशास्त्राची किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी, काही महिन्यांचे प्रशिक्षण आणि परीक्षा यांच्या बळावर हा रोजगार उभा राहिला आहे. एखादी विज्ञान-पदवीधर मुलगी पुण्यात बसून ओहायोतील वृद्धेच्या डाव्या डोळ्याचा टप्पा सातव्या स्थानापर्यंत काटेकोर नोंदवते. त्याच मुलीच्या आजोबांच्या गावाकडील केसपेपरवर मात्र ‘नजर कमी, पडदा खराब’ एवढीच नोंद असते. कौशल्य आपल्याकडे आहे, मनुष्यबळ आपल्याकडे आहे. त्या कौशल्याला येथे मागणी नाही, कारण येथे अचूक नोंदीची किंमत कोणी मोजत नाही. हा दोष तरुणांचा नव्हे, बाजारपेठेचा आणि धोरणाचा आहे.

१९७६ साली देशव्यापी अंधत्व-नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर त्याने योग्यच भर दिला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले आणि पन्नाशीपुढील वयोगटातील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण, सुमारे ६६ टक्के, मोतीबिंदू हेच ठरले. मोतीबिंदू जसजसा आटोक्यात येईल आणि आयुर्मान वाढेल, तसतसा दृष्टिपटलाच्या ऱ्हासाचा वाटा वाढत जाणार हे उघड आहे. परंतु अशी सर्वेक्षणे ज्यांची नजर गेली त्यांची मोजदाद करतात. ज्यांची जाण्याच्या मार्गावर आहे त्यांची मोजदाद रुग्णालयांच्या रोजच्या नोंदींतूनच होऊ शकते. त्या नोंदी जर एकाच ओळीवर कोंबलेल्या असतील, तर कोणत्या जिल्ह्याला किती इंजेक्शने, किती तज्ज्ञ आणि किती यंत्रे लागतील याचा अंदाज कशावरून बांधावयाचा? दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ती येथे शब्दशः खरी होते.

पैशाचा प्रश्न

अर्थशास्त्राच्या दृष्टीने वैद्यकीय सेवेचे वैशिष्ट्य केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. येथे विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि पैसे देणारा तिसराच असला तर त्याला त्याहूनही कमी ठाऊक असते. संकेतांक हा या तिघांमधील एकमेव समान भाषेचा तुकडा होय. तो मोघम असला की संशय वाढतो आणि संशयाची किंमत अखेर रुग्ण मोजतो.

विमा नियामकांनी २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वयपरत्वे होणारा पीतबिंदूचा ऱ्हास सरसकट वगळण्याची मुभा विमा कंपन्यांना उरली नाही. डोळ्यातील इंजेक्शनांचाही समावेश संरक्षण द्यावयाच्या आधुनिक उपचारांत करण्यात आला. पूर्वी असे दावे नाकारले जाण्याची तक्रार वारंवार होत असे, हे लक्षात घेता ही सुधारणा स्वागतार्हच होती. तथापि हक्क कागदावर मिळाला म्हणजे पदरात पडला असे होत नाही. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या डोळ्यात विमा घेण्यापूर्वी आरंभीचा कोरडा विकार आढळला होता आणि विम्यानंतर दुसऱ्या वर्षी ओला विकार उद्भवला. दोन्ही वेळी कागदावर एच ३५.३ हाच आकडा असेल, तर जुनाच आजार चालू आहे असे म्हणण्यास कंपनीला वाव मिळतो. प्रकार, बाजू आणि टप्पा यांची तारीखवार नोंद असेल, तर निदान वादाला भक्कम आधार तरी राहतो. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ मध्ये जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला गेला. पण ती तीन वर्षेही ज्याला महिन्याला इंजेक्शन लागते त्याला फार मोठी असतात.

औषधांच्या किमतीचाही येथे संबंध आहे. ओल्या विकारावर अमेरिकेत २००६ साली मान्य झालेल्या रॅनिबिझुमॅबची एक मात्रा तेथे सुमारे दोन हजार डॉलरना पडत असे. मूळ कर्करोगासाठी तयार झालेले बेव्हासिझुमॅब लहान मात्रांत विभागून वापरले तर खर्च पन्नास डॉलरच्या आसपास येई. दोन्हींची तुलना करणाऱ्या सरकारी अभ्यासाने २०११ मध्ये दृष्टीवरील परिणाम जवळजवळ सारखाच असल्याचे दाखविले. भारतात रॅनिबिझुमॅबची जैवसदृश आवृत्ती २०१५ मध्ये आली. कोणते औषध कोणाला, किती वेळा आणि कोणत्या परिणामासह दिले, याचे उत्तर आपल्याच रुग्णांच्या नोंदींतून काढता आले, तर शासकीय योजनांना खरेदीच्या वेळी घासाघीस करता येईल. मोघम नोंदींवर असा अभ्यास उभा राहू शकत नाही.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि ते दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांग दाराबाहेर गेलेली असताना डॉक्टरांनी रुग्ण तपासावे की आकडे शोधावेत? आक्षेप रास्त आहे. परंतु तो आकड्यांविरुद्धचा आहे, नोंदीविरुद्धचा नव्हे. डॉक्टरांनी आकडा लिहू नयेच. त्यांनी चार गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहाव्यात : विकाराचे नाव, डोळ्याची बाजू, प्रकार व टप्पा, आणि मूळ कारण. चांगल्या नेत्रतज्ज्ञाने तपासणीच्या वेळी या चारही गोष्टी मनाशी ठरविलेल्या असतातच. कागदावर उतरविण्यास त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागू नये. पुढचे काम प्रशिक्षित नोंदणी-सहायकाचे.

दुसरा आक्षेप असा, की संकेतांकावर पैसा अवलंबून ठेवला की खोटे संकेतांक लिहिले जातील. याचे ढळढळीत उदाहरण याच विकाराच्या बाबतीत घडले आहे. फ्लोरिडातील सॉलोमन मेल्गेन या नेत्रतज्ज्ञाला २०१२ साली अमेरिकेच्या सरकारी वृद्ध-विमा योजनेतून दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली होती. रुग्णांना नसलेला पीतबिंदूचा ऱ्हास झाल्याचे दाखवून उपचारांचे पैसे उकळल्याबद्दल २०१७ मध्ये तो दोषी ठरला. कृत्रिम डोळ्याच्या तपासणीचेही बिल लावल्याचा आरोप त्या खटल्यात होता. २०१८ मध्ये त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०२१ मध्ये अध्यक्षांच्या अधिकारात ती कमी करण्यात आली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच खरी ठरली असेल.

परंतु या प्रकरणाचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. तपशीलवार नोंद असली म्हणजे तिची पडताळणी करता येते. ज्या डोळ्यात सक्रिय रक्तवाहिन्या असल्याचे लिहिले आहे, त्या डोळ्याचे छायाचित्र मागता येते. ‘पडदा खराब’ या नोंदीची पडताळणी कोणत्या छायाचित्रावरून करणार? अप्रामाणिकपणाला खरा आसरा तपशिलात नसतो, तो मोघमपणात असतो.

करावयाचे काय?

तेव्हा उपाय अवाढव्य नाहीत. अकराव्या आवृत्तीत मूळ संकेतांकाला बाजू व इतर तपशील दर्शविणारे जोडसंकेत लावण्याची सोय आहे. तिकडे वळताना नेत्रविकारांची नोंद आरंभापासूनच तपशिलाने होईल, हे राज्याच्या आरोग्य खात्याने पाहिले पाहिजे. तोपर्यंत निदान सरकारी योजनांच्या अर्जांत प्रकार, बाजू व टप्पा यांसाठी वेगळे रकाने ठेवण्यास काहीच हरकत नसावी. महाविद्यालयांनी वैद्यकीय नोंदीचा अभ्यासक्रम केवळ परदेशी कंपन्यांच्या नोकरीसाठी न आखता जिल्हा रुग्णालयांतील उमेदवारीशी जोडावा. संकेतांक मोघम आहे एवढ्या कारणावरून कोणताही दावा फेटाळला जाऊ नये. आधी रुग्णालयाकडून लेखी खुलासा मागविण्याचे बंधन विमा कंपनीवर असावे. कारकुनाच्या चुकीची शिक्षा वृद्धाच्या डोळ्याला देणे हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

नागरिकांच्या हातीही काही गोष्टी आहेत. आपल्या किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या कागदावर डोळा कोणता, प्रकार कोणता व टप्पा कोणता हे लिहून मागणे यात डॉक्टरांचा अवमान नाही. जुने अहवाल आणि छायाचित्रे तारखेनुसार जपून ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे. बँकेच्या पासबुकातील एक रुपयाची चूक जो समाज खपवून घेत नाही, त्याने आपल्या डोळ्यांच्या खात्यातील नोंद कोरी का सोडावी?

पीतबिंदू झिजलेल्या माणसाला कडेचे दिसते, मध्यभागचे दिसत नाही. आपल्या आरोग्य-नोंदींची अवस्था आज तशीच आहे. योजनांची नावे, शिबिरांचे आकडे, खर्चाच्या रकमा हे सारे कडेचे स्पष्ट दिसते. मध्यभागी बसलेला रुग्ण आणि त्याचा नेमका विकार तेवढा पुसट राहतो. माणसाच्या डोळ्यातील हा ऱ्हास पूर्णपणे भरून काढण्याचे साधन वैद्यकाला अद्याप सापडलेले नाही. कागदावरचा ऱ्हास भरून काढण्याचे साधन मात्र हाताशी आहे, आणि ते न वापरण्याचे कोणतेही समर्थन करता येणार नाही.